पळवलेल्या विमानातले दोन विडे

भैयासाहेबांकडे चहाला एकट्यानं जायची सोय नव्हती. चहा मिळायचा, पण त्यांचा चेहरा पडायचा. कारण चहाचा कप ते एका हातानं देतच नसत. दोन्ही हातांत दोन कप घ्यायचे, हात बरोबरीनं पुढे करायचे आणि दोन पाहुण्यांनी ते एकाच वेळी उचलायचे, ही त्यांची रीत. पाहुणा एकच असला की दुसरा हात बेकार. मग ते फाटकाकडे बघत बसत आणि रस्त्यानं जो कुणी जात असेल त्याला हाक मारत, "ओ भिया, जरा आत या, चहा घ्यायचा आहे." धारच्या आमच्या कॉलनीत येणारे भाजीवाले, पोस्टमन आणि विजेचं मीटर बघणारे यांनी आपापल्या घरी प्यायला नसेल इतका चहा भैयासाहेबांकडे प्यायला आहे.

ही रीत त्यांच्याबरोबर देवासहून आली होती. देवास हे सगळं दोन-दोन असलेलं गाव. गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजवाडे दोन. टेकरीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. अशा गावात भैयासाहेबांच्या पणजोबांकडे समारंभात विडे द्यायचं काम होतं, म्हणजे रोजचा विस्तवाशी खेळ. पहिला विडा थोरल्या पातीच्या माणसाला दिला तर धाकटी पाती रुसणार, आणि उलट केलं तर थोरली उठून जाणार. पणजोबांनी काढलेला तोडगा असा: दोन विडे, दोन हात, दोन्ही हात एका उंचीवर. दोघांनी विडे एकदम उचलायचे. एकानं उचलला नाही तर दुसऱ्यानंही उचलायचा नाही, आणि तोवर देणाऱ्यानं हात खाली घ्यायचे नाहीत. विडे उचलले गेले की भांडण मिटलं. एका हट्टी सरदारानं म्हणे पंगतीची पानं वाढून होईपर्यंत पणजोबांना तसंच उभं ठेवलं होतं.

"आमच्या घराण्याचे खांदे मजबूत आहेत ते उगाच नाहीत," भैयासाहेब सांगत. स्वतःचे खांदे सदऱ्यात कुठे आहेत ते शोधावे लागावेत अशी त्यांची अंगकाठी होती.

पण गावात त्यांची ओळख विड्यांवरून नव्हती, विमानावरून होती.

भैयासाहेब बियाण्यांच्या कंपनीत होते. नालछा, बाग, मांडू या पट्ट्यात जीपमधून फिरून सोयाबीनचं बियाणं खपवायचे. एका वर्षी विक्री इतकी झाली की कंपनीनं खूश होऊन त्यांना विमानाचं तिकीट बक्षीस दिलं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. काकीसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, औक्षण केलं, वाटेत खायला चिवडा दिला आणि पानाचा डबा भरून दिला. भैयासाहेब विमानात बसले, विमान वर गेलं, आणि काही तरुणांनी उठून ते पळवलं.

"तिकिटात नसलेलं एक गाव फुकट बघायला मिळालं," इथून ते सुरुवात करत.

ती पोरं एका राजकीय संघटनेची होती. त्यांचा नेता तुरुंगात होता, त्याला सोडवायचं होतं. संघटनेचं नाव मी सांगत नाही, कारण भैयासाहेबही सांगत नसत. त्यांच्या मते ते सांगून उपयोग नव्हता, नंतर तिचे इतके तुकडे झाले की कुठल्या तुकड्याला नाव चिकटवायचं हाच प्रश्न. एका पोराच्या हातात पिस्तूल होतं. दुसऱ्याच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. विमान आपल्याच देशातल्या एका आडबाजूच्या धावपट्टीवर उतरवलं आणि उन्हात उभं करून ठेवलं.

"भीती नाही वाटली?" कुणीतरी विचारायचंच.

"वाटली ना. तोंडाला इतकी कोरड पडली होती की विडा चावता येईना. विडा चावता येत नाही म्हटल्यावर मला कळलं, प्रकरण गंभीर आहे."

या प्रवासानं भैयासाहेबांना एक व्यासंग लावला. जगात कुठेही विमान पळवलं गेलं की ते वर्तमानपत्र घेऊन बसत आणि कॉलनीला शिकवणी देत. त्यांच्या मते विमान पळवणारे तीन प्रकारचे. पहिले कुठूनतरी पळून जायचं असणारे, दुसरे पैसे हवे असणारे, आणि तिसरे खिशात पत्रक असणारे. "पहिल्या दोघांना काय हवंय ते आपल्याला कळतं. तिसऱ्याला काय हवंय ते त्याचं त्यालाही पत्रक वाचल्याशिवाय कळत नाही. त्याला जपून असावं." संघटनांबद्दलही त्यांचे आडाखे ठरलेले होते. नाव जितकं लांब, तितकी माणसं कमी. नावात 'संयुक्त' असेल तर ती फुटलेली आहे असं समजावं. 'मूळ' असेल तर ती मूळ सोडून गेलेल्या माणसांनी काढलेली.

आमच्या कॉलनीचं गणेशमंडळ फुटलं तेव्हा हे ज्ञान कामी आलं. वर्गणीवरून नाही, आरती आधी मराठी म्हणायची की हिंदी, यावरून फुटलं. वेगळं मंडळ काढणाऱ्यांनी नाव ठेवलं 'अखिल'. भैयासाहेब पाटी वाचून म्हणाले, "अखिल झाले म्हणजे अर्धे गेले." मग दोन्ही अध्यक्षांना घरी बोलावून त्यांच्यासमोर दोन कप धरून उभे राहिले. अध्यक्ष चहा घेईनात. भैयासाहेब हात खाली घेईनात. शेवटी चहावर साय धरली आणि काकीसाहेब आतून ओरडल्या, "अहो, तुमच्या भांडणापायी माझं दूध नासून राहिलं आहे!" तेव्हा दोघांनी हसत कप उचलले. मंडळं दोनच राहिली, पण आरती आता एक कडवं मराठी, एक हिंदी अशी होते. देवाला काय वाटत असेल कोण जाणे.

विमानातही त्यांनी हेच केलं होतं, असा त्यांचा दावा. पळवणाऱ्यांमध्ये दोन गट होते हे सगळ्यांच्या आधी त्यांना कळलं. इतर उतारू पिस्तुलाकडे बघत होते, हे देवासचे असल्यामुळे कोण कुणाच्या आधी बोलतो तिकडे बघत होते. एका गटाचा म्होरक्या चष्मेवाला, दुसऱ्याचा मफलरवाला. पत्रकावर आधी कुणाच्या गटाचं नाव, यावर त्यांचं जुंपलं होतं. तेवढ्यात उकाडा वाढला, पंखे बंद झाले आणि पाणी मागितलं तर चष्मेवाल्यानं साफ नाही म्हटलं. पाणी होतं, पण ते वाटायची परवानगी मफलरवाल्यानं दिली होती, मग चष्मेवाला कशी देणार? पुढच्या रांगेत एक तान्ही मुलगी होती. ती रडून रडून शेवटी रडायचीही थांबली.

गोष्टीत हा भाग आला की काकीसाहेब उठून आत जात.

"ती रडायची थांबली आणि मी उठलो," भैयासाहेब सांगत. दोन विडे लावले, लवंग टोचली आणि मधल्या वाटेत दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. पिस्तूल त्यांच्याकडे वळलं. ते म्हणाले, "देखो भिया, हमारे गाँव में दो गद्दियाँ हैं, और दोनों बड़ी हैं." मग त्यांनी विड्याची रीत समजावून सांगितली. ती पोरं आधी चिडली, मग चकरावली. मफलरवाल्याला हसू आलं. शेवटी दोघांनी विडे एकदम उचलले. "आता पाण्याचा हुकूमही असाच, एकदम द्या," भैयासाहेबांनी सांगितलं, आणि दोघांनी एका सुरात 'पानी' म्हटलं. पाणी वाटलं गेलं. मुलीच्या आईनं तिच्या ओठांना ओला पदर लावला आणि ती पुन्हा रडायला लागली. "तसं गोड रडणं मी दुसरं ऐकलं नाही," असं म्हणताना भैयासाहेबांचा आवाज दर वेळी बदलायचा.

पण लगेच ते सावरायचे. कारण चष्मेवाल्यानं विडा तोंडात टाकण्याआधी त्यातली लवंग काढून खिशात ठेवली होती. तिखट लागते म्हणून. "लवंग सोसत नाही, आणि निघाले क्रांती करायला!"

पुढचं थोडक्यात. तुरुंगातल्या नेत्याला विचारलं तर त्यानं कळवलं, ही माणसं आमची नव्हेत, फुटून गेलेली आहेत. ते ऐकून दोन्ही गटांचा धीर सुटला, आणि या एका बाबतीत त्यांचं एकमत होऊन सगळे हात वर करून खाली उतरले. पुढे खटला झाला, शिक्षा झाल्या, त्यांनी त्या भोगल्या.

काकीसाहेबांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही. मी शेजारी राहायला आल्यावर पुष्कळ वर्षांनी, वाळवणं घालता घालता एकदा बोलल्या. विमान पळवल्याची बातमी आली तेव्हा त्या रेडिओसमोर बसल्या त्या उठल्याच नाहीत. "आणि मी इकडे पाणी पीत होते गं. यांना तिकडे मिळत नाही हे मला कुठे ठाऊक? आजही घोट घेताना ते आठवतं. त्या चष्मेवाल्याला एकदा माझ्यासमोर उभा करा, मग सांगते." हातातला पापड उलटायचं राहिलं आणि तो वाकडाच वाळला. मी विषय बदलला.

आता बंटीकडे येते. बंटी माझा भाचा, इंदूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. हुशार आहे, मायाळू आहे, आणि ज्याचं मोबाईलवर काही सापडत नाही ते घडलंच नाही असं त्याचं मत आहे. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, शाळा हिंदीतली ना. म्हणून तर त्याच्याबद्दल मी निर्धास्तपणे लिहिते आहे.

गणपतीच्या दिवसांत सगळे अंगणात बसले होते, भैयासाहेबांचं विमान नुकतंच वर गेलं होतं, आणि बंटी मोबाईल काढून म्हणाला, "भैयासाहेब, मी शोधून राहिलो होतो. त्या हायजॅकवर दोन-चार ओळी आहेत. पानाचा विडा कुठेच नाही. देवासचं नावसुद्धा नाही."

"अरे, आतलं बाहेरच्यांना काय ठाऊक असणार?"

"त्या ओळी उतारूंच्या मुलाखतींतल्याच आहेत ना. कुणीच नाही बोललं. तुम्ही तिथं होता तरी का?"

काही लोक हसले. हसणं वाईट नव्हतं, कॉलनीतलं नेहमीचं होतं. भैयासाहेबही हसले. कंपनीनं दिलेलं तिकीट त्यांनी जपून ठेवलं नव्हतं, असल्या गोष्टी जपणाऱ्यांतले ते नव्हतेच. त्यांच्याकडे फक्त गोष्ट होती, आणि ती आता खोटी ठरली. दुसऱ्या दिवसापासून पोरंसोरं त्यांना 'फेकू भैयासाहेब' म्हणायला लागली. त्यांनी विमान सांगायचं बंद केलं. वर्तमानपत्रातली शिकवणी बंद झाली. आणि एकदा मी गेले तर त्यांनी मला चहाचा कप एका हातानं दिला. दुसरा हात मांडीवर नुसता पडला होता. मला बंटीचा असा राग आला की तो भेटता तर मी त्याचा मोबाईल हौदात टाकला असता.

मग हिवाळ्यात एक दिवस मांडूहून फोन आला. फोन करणारा कैलास तिथला गाईड, भैयासाहेबांनी कधीकाळी त्याच्या वडिलांना बियाणं दिलेलं.

"काका, एक बुजुर्ग आए हैं, बाहर के. महल देखने से पेले पूछ रिये हैं कि देवास के पानवाले बाबूजी किधर मिलेंगे. के रिये हैं, बरसों पेले सफर में मिले थे, दोनों हाथ से पान दिया था. मैंने कहा वो तो अब धार में हैं. भेजूँ क्या?"

भैयासाहेबांनी फोन ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर आपटले. "सापडला! माझ्या विमानातला माणूस सापडला! शेजारच्या रांगेत काही मास्तर होते, त्यांना मी चिवडा दिला होता, त्यांच्यापैकी कुणीतरी असणार." मी बंटीला फोन करून बोलावून घेतलं. मूळ मंडळ आणि अखिल मंडळ, दोन्ही आली. ओसरीवर सतरंज्या पडल्या, माठ भरून कोपऱ्यात ठेवला. भैयासाहेबांनी काळी टोपी आणि लग्नातला कोट चढवला. काकीसाहेब आत विडे लावायला बसल्या. त्यांचीही लगबग चालली होती, कधी नव्हे ते. नवऱ्याला फेकू म्हटलेलं त्यांना किती झोंबलं होतं ते मला तेव्हा कळलं.

गाडी आली. कैलासच्या मागोमाग उंच, वाकलेले, जाड चष्म्याचे एक आजोबा उतरले. बरोबर कॉलेजात जाणारी नात होती, गळ्यात बाग गावच्या ठसेछपाईची नवीकोरी ओढणी. भैयासाहेब पुढे झाले. "यावं, विराजावं!" म्हणाले आणि त्यांच्या तोंडाकडे बघून जिथल्या तिथे थांबले. मला वाटलं, ओळख पटत नाहीये.

आजोबा खुर्चीवर बसतात न बसतात तोच बंटी पुढे सरकला. "बाबूजी, सच-सच बताना. आप उस प्लेन में थे ना, जो हाईजैक हुआ था?"

आजोबांनी काठी घट्ट धरली. उत्तर नातीनं दिलं, खळखळून हसत. "दादू? प्लेन में? दादू तो आज तक प्लेन में चढ़े ही नहीं. टिकट का नाम लो तो बीमार पड़ जाते हैं!"

ओसरीवरचे सगळे भैयासाहेबांकडे बघायला लागले. भैयासाहेब आजोबांकडे बघत होते. आजोबांनी एकदा नातीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नात अजून हसतच होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. आणि भैयासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"धत् तेरे की! पकडला गेलो की हो!" ते मोठ्यानं हसले. "बंटी भिया, तुम्ही जिंकलात. कसलं विमान आणि कसलं काय! रतलामच्या फलाटावर आमची गाडी लेट झाली होती. हे आणि यांचे एक दोस्त भांडत होते. मी दोघांना विडे दिले, बस्. विमान मी मागाहून लावलं. नुसत्या रेल्वेगाडीची गोष्ट कोण ऐकतं?"

हशाचा असा स्फोट झाला की फाटकावरची चिमणी उडाली. बंटीनं मांडीवर थाप मारली. अखिल मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत होते. मला मात्र रडू येत होतं. इतकी वर्षं आपण हे खरं मानलं, आणि हे सगळं रतलामच्या फलाटावरचं? मला फसवल्यासारखं वाटलं आणि त्यांची लाजही वाटली.

हसणं ओसरल्यावर आजोबा बोलले. आवाज इतका खाली की सगळे पुढे वाकले.

"उस दिन सबको बहुत प्यास लगी थी. पानी मेरे पास था. मैंने रोक रखा था. एक छोटी बच्ची थी... रोते-रोते चुप हो गई थी. बाबूजी, मैं उसी की माफ़ी माँगने आया हूँ."

"आपने पानी रोका, दादू?" नातीला ते खरंच वाटेना. "आप तो चिड़ियों के लिए भी छत पर पानी रखते हो."

आतल्या दारात वाट्या खणखणल्या. काकीसाहेब विड्यांचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्या कुठे बघताहेत ते मी बघितलं. तो जाड चष्मा मला तेव्हा दिसला. इतका वेळ तो माझ्या समोरच होता.

भैयासाहेब उठले. त्यांनी तबकातून दोन विडे घेतले आणि दोन्ही हात पुढे केले. एक हात आजोबांच्या दिशेला, दुसरा काकीसाहेबांच्या. दोन्ही एका उंचीवर.

आजोबांनी हात उचलला, पण रीत आठवून तसाच थांबवला. काकीसाहेब हलल्या नाहीत. त्यांनी एक वाक्य उच्चारायची खोटी होती. हा तो चष्मेवाला, एवढं म्हटलं असतं की बंटीचा मोबाईल, पोरांचं फेकू-फेकू, सगळं जागच्या जागी संपलं असतं आणि त्यांच्या नवऱ्याचं नाव पुन्हा वर आलं असतं. समोर तो माणूस हवा होता, तर तोही येऊन बसला होता. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. भैयासाहेबांचे हात कापायला लागले होते, पण खाली येत नव्हते.

"पहले सबको पानी पिलाइए," काकीसाहेब आजोबांना म्हणाल्या. "मटका वो कोने में है."

"अहो काकी, पाहुणे आहेत ते!" बंटी उठायला लागला.

"तू बस रे." आणि मदतीला उठलेल्या नातीला, "तू भी बैठ, बेटा."

आजोबा काठी खुर्चीला टेकवून माठाकडे गेले. त्यांनी पेला भरला आणि पहिल्या सतरंजीच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. कुणी 'नको, तहान नाही' म्हटलं तर काकीसाहेब डोळे वटारत, मग तो निमूट पिई. मूळ मंडळ प्यायलं, अखिल मंडळ प्यायलं. कैलास प्यायला, बंटी प्यायला, मी प्यायले. गाडीचा ड्रायव्हर फाटकाशी उभा होता, त्यालाही नेऊन दिलं. म्हातारी आज अशी का वागून राहिली आहे, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. भैयासाहेब तेवढा वेळ हात पसरून मध्ये उभे. घाम कानावरून ओघळत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. पेला घेऊन आजोबा शेवटी काकीसाहेबांसमोर आले. त्यांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली होती.

काकीसाहेबांनी पेला घेतला आणि सगळा रिकामा केला, सावकाश, मध्ये न थांबता. तोंड पुसलं. मग आजोबांकडे बघून मान हलवली आणि दोघांनी दोन विडे एकदम उचलले.

आजोबांनी आपला विडा तोंडाजवळ नेला, थबकले, त्यातली लवंग काढली आणि खिशात ठेवली.

भैयासाहेब माझ्याकडे झुकले. "अजून तिखटच लागते बरं का," ते म्हणाले. एवढंच. डोळे मात्र पोरासारखे चमकत होते.

गाडी गेल्यावर बंटी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पुढच्या वेळी काय पळवणार, भैयासाहेब?"

"जहाज," भैयासाहेब म्हणाले. "समुद्र कुणी बघितला आहे धारमध्ये?"

त्यानंतर ते कायमचे फेकू झाले, आणि मोठ्या मजेत झाले. मी सांगितलं नाही, काकीसाहेबांनीही नाही. आता भैयासाहेब नाहीत, ते आजोबाही गेल्याचं कैलासकडून कळलं. त्या नातीला मराठी येत नाही. बंटीचं तर मी सांगितलंच.

पाहुणे आले त्या दिवशी संध्याकाळी, झाडायला नेलेल्या त्यांच्या सतरंज्या परत करायला मी गेले होते. दार उघडंच होतं. भैयासाहेब पाटावर उघड्या अंगानं बसले होते. मागे काकीसाहेब, समोर तेलाची वाटी. "नाटकी मेले," त्या म्हणत होत्या, "फलाट म्हणे, आणि तोही रतलामचा!" आणि दोन्ही हातांनी त्यांचे दोन्ही खांदे चोळत होत्या, एकदम, दोन्हींवर सारखाच जोर देऊन. मी सतरंज्या उंबऱ्यात ठेवल्या आणि हाक न मारता परत आले.